पोटावरचा पहारा

मास्तरांच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली होती. जांघेतून नळी घालून डॉक्टरांनी तिला आतून कापडी अस्तर बसवलं, पोट फाडावंसुद्धा लागलं नाही. चाळीस वर्षं लोकांच्या कोटांना अस्तरं लावणाऱ्या शिंप्याला याचं भलतंच कौतुक. "आता मला उलटा करून घातलंत तरी शोभेन," असं ते गिऱ्हाइकांना ऐकवत.

बायको मात्र डोळ्यांत तेल घालून त्या पोटावर पहारा देत होती. पोटात किंवा पाठीत दुखलं तर लगेच आणा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण शिंप्याची पाठ तर रोजचीच, तिचं काय एवढं! तिनं पोट तेवढं लक्षात ठेवलं.

त्या दिवशी सकाळी नऊला मास्तर कात्री टाकून मटकन खाली बसले.

"खांद्यांच्या मधोमध टर्रकन काहीतरी फाटलं गं."

"आणि पोट?"

"पोट ठणठणीत."

तिचा जीव भांड्यात पडला. नेहमीसारखं तिनं त्यांना कापायच्या टेबलावर पालथं निजवलं आणि फडक्याच्या घडीवरून इस्त्रीनं पाठ शेकायला घेतली. कळ काही थांबेना. "आणखी दाब," ते म्हणाले, तिनं दाबली. साडेअकराला त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला, तेव्हा कुठे तिनं गाडी बोलावली.

दवाखान्यात छातीपोटाचा फोटो पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खालची दुरुस्ती शाबूत आहे. वर छातीत वाहिनीचा आतला पदर सुटलाय, मधे रक्त घुसतंय. कधीपासून दुखतंय?"

"आत्ताच. अर्धा तास झाला असेल," मास्तर घाईनं म्हणाले.

नर्सनं त्यांना कुशीवर वळवलं. पाठीवर इस्त्रीच्या टोकाचा लालभडक ठसा होता.

एवढ्या हालातही हा माणूस आपल्याला सांभाळून घेतोय, हे पाहून बायकोला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"नऊपासून," ती म्हणाली. "मीच शेकत बसले."

बाईंनी घड्याळ पाहिलं. सव्वाबारा झाले होते. एकच धावपळ उडाली.

"कशाला सांगितलंस?" मास्तर पुटपुटले. "आता जन्मभर मनाला लावून घेशील."

दोनच्या सुमाराला ते गेले.

संध्याकाळी नणंद तिला जवळ घेऊन म्हणाली, "शेवटी तू जवळ होतीस वहिनी, तेवढं तरी नशीब."

"होते ना," ती म्हणाली. "अडीच तास इस्त्री धरून होते."