डोंगरावरचे अकरा

अकरा! अहवालात अकरा पक्षी लिहून सूनबाईंनी खाणवाल्यांना वर्षभर थोपवून धरलं होतं. पक्षी जगात त्या एकाच डोंगरावरचा, चिमणीएवढा, मातकट, कुणाच्या खिजगणतीत नसलेला. पण जिथे त्याची वीण चालू, तिथे सुरुंग लावायचा नाही, असा नियम होता. अकरा आहेत म्हणजे पिल्लंही होत असणार, असं वनखात्याच्या कचेरीनं मानलं. मोजणी सोपी. टेपवर त्याचा आवाज वाजवायचा, उत्तर आलं की एक पक्षी लिहायचा आणि पुढच्या ठिकाणी जायचं.

यंदा तिनं पहिल्याच ठिकाणी जाळ्यात एक धरला आणि पायात लाल कडी घालून सोडला. दुसऱ्या ठिकाणी उत्तर द्यायला लाल कडी हजर. तिसऱ्या ठिकाणीही तीच. अकराव्या ठिकाणीसुद्धा तीच, चोच उघडून धापा टाकत! म्हणजे गेल्या वर्षीही वेडं पाखरू टेपच्या मागे डोंगरभर धावत होतं आणि ही बया दर वेळी नवा पक्षी लिहीत होती.

सासरे संग्रहालयाचे प्रमुख. त्यांच्यापासून लपवणं तिला जमलं नाही.

"गातो म्हणजे नर," सासरे म्हणाले. "एकटा नर. वंश बुडालाच की! कचेरीला तसं कळवून टाकतो. तू त्याला घेऊन ये. सुरुंगाखाली चिरडण्यापेक्षा पेंढा भरून आमच्या कपाटात नीट राहील."

"बाबा, जिवंत आहे हो तो अजून."

"मग काय झालं? खोटा आकडा तुझा होता. निस्तरायचंही तूच."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं टेप लावला आणि पक्षी लगेच आला, बिचारा. छातीवर अंगठा दाबून धरायचा, मिनिटभर, की श्वास थांबतो. ती रडली, पण अंगठा काढला नाही.

दुपारी संग्रहालयाच्या टेबलावर तिनंच पोट चिरलं. आत अंडं होतं, कवच धरलेलं. एक-दोन दिवसांत घातलंच असतं.

"बाबा, ही मादी आहे! गाणारा तो नर, हे तुमच्याच पुस्तकात वाचलं होतं मी!" तिनं फोन त्यांच्यापुढे सरकवला. "म्हणजे नर आहे तिथे कुठेतरी, न गाणारा. कचेरीला फोन करा, जोडी आहे म्हणावं. आत्ताच्या आत्ता!"

सासऱ्यांनी सावकाश चष्मा पुसला. अंडं उचलून कापसावर ठेवलं. पक्ष्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवरचं 'नर' खोडून 'मादी' लिहिलं.

"जोडी?" ते म्हणाले. "कुठे आहे जोडी?"