‘तुमच्या घरी’ म्हणजे कुणाच्या?

मोठ्या डॉक्टरांचा निष्कर्ष खरा ठरता, तर सगळ्यांत मोठा फायदा नोंदणीबाईंचाच होता. डॉक्टरांना फार तर परदेशातल्या परिषदेत वीस मिनिटांचं भाषण आणि गळ्यात लटकवायला नावाचा बिल्ला मिळाला असता. आकडेमोड करणाऱ्या आकडेबाईंचं नाव शोधनिबंधावर दुसरं लागलं असतं. नोंदणीबाईंच्या पदरात मात्र अख्खं म्हातारपण पडणार होतं, तेही शुद्धीवरचं.

निष्कर्ष असा होता: विसरण्याचा आजार आईवडिलांकडून मुलांकडे येतो, मुलींकडे येत नाही. चार वर्षं, साठीपुढची नऊशे माणसं, त्यांतल्या चारशे छप्पन्न बायका. ज्या पुरुषांच्या घरी हा आजार होता, त्यांना स्वतःलाही तो जास्त झालेला. बायकांत मात्र घरी आजार असो की नसो, फरक शून्य. “‘खाण तशी माती’ ही म्हण आता निम्म्या जनतेपुरती रद्द,” असं डॉक्टर जेवणाच्या सुट्टीत म्हणाले आणि आपणच आधी हसले.

नोंदणीबाई हसल्या नाहीत. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. त्यांची आजी विसरत गेली, मावशी विसरत गेली, आणि आई गेली सहा वर्षं विसरत होती. बाई स्वतः बावन्नच्या. चष्मा हरवला की त्या आधी घाबरून घेत आणि मग शोधत. निष्कर्ष कळल्यापासून त्या चष्मा नुसताच शोधू लागल्या. धाकट्या भावाशी फोनवर इतक्या गोड बोलू लागल्या, की त्याने विचारलं, “ताई, काही हवंय का?” सगळा वारसा आता त्या बिचाऱ्याच्या एकट्याच्या डोक्यावर आलाय, हे त्याला कोण सांगणार?

निबंध शुक्रवारी पाठवायचा होता. बुधवारी शेवटची दोन माणसं आली, बहीण-भाऊ. बहीण शिवणकाम करणारी, भाऊ घड्याळजी. बहिणीचा फॉर्म भरून झाला होता. ती दंडावर कापूस दाबून बाकावर बसली होती. बाईंनी भावाला खुर्चीत बसवलं.

“तुमच्या घरी कुणाला विसरायचा आजार?”

“आईला,” घड्याळजी म्हणाला. “दहा वर्षं. मावशीलाही.”

बाईंनी लिहिता लिहिता बहिणीचा फॉर्म वर ओढला. तिथे त्यांच्याच अक्षरात होतं: नाही.

“अहो ताई, तुम्ही तर नाही म्हणालात.”

“नाहीच. सासरे तेवढे शेवटी हेकट झाले होते, पण ते आधीपासूनच.”

“आणि आई?”

“आईला होता की! मला ‘कोण पाहिजे’ म्हणून दारातूनच परत पाठवायची.”

“मग नाही का म्हणालात?”

“तुम्ही आमच्या घरचं विचारलंत. आई याच्या घरची.”

“घ्या!” घड्याळजी म्हणाला. “हिने आई परस्पर माझ्या एकट्याच्या नावावर करून टाकली.”

“मग? सांभाळली कुणी? तुझ्या बायकोने. तिला आणून बसव इथे, ती तिच्या फॉर्मात आपलीच आई लिहील.”

दोघं हसली. नोंदणीबाईंचा पेन तसाच हवेत राहिला.

छापील फॉर्मावर प्रश्न वेगळा होता: ‘रक्ताच्या नात्यात कुणाला हा आजार होता काय?’ पण समोर सुई, बाटली आणि वर रक्ताचं नातं. ‘रक्त’ म्हटलं की माणसं पांढरी पडत. म्हणून पहिल्याच आठवड्यात, तालीम चालू असतानाच, बाईंनी प्रश्न मऊ करून घेतला: ‘तुमच्या घरी कुणाला?’ माणसं घडाघडा बोलू लागली. डॉक्टरांनी शाबासकीही दिली होती.

दुपारी त्यांनी कपाट उघडलं. पहिले वीस फॉर्म तालमीचे होते, कर्मचाऱ्यांनीच मऊ प्रश्नावर भरलेले. एकोणिसावा त्यांचा स्वतःचा. तेव्हा आई भावाकडे होती आणि विसरायला लागून दोन वर्षं झाली होती. ‘घरी कुणाला?’चं उत्तर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: नाही.

फॉर्म जागेवर गेला. कुलूप लागलं. आता हे जगात एकट्या त्यांनाच माहीत होतं, आणि आणखी दोन दिवस तोंड मिटून बसलं तर पुढे कुणी विचारणारही नव्हतं. बाई घरी जाताना वाटभर स्वतःची समजूत घालत होत्या: एवढ्या नऊशेंत माझ्या एका शब्दाने काय होतंय? पण ‘घरी’ हा एक शब्द चारशे छप्पन्न बायकांना विचारला होता, हेही त्यांनाच माहीत होतं.

आई आता बाईंकडेच असे. ती खिडकीपाशी रुमालांच्या घड्या घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती. मजेत होती. बाई समोर बसल्या तशी तिने अदबीने विचारलं, “आपण कुणाच्या घरच्या?”

बाईंना हसू आलं.

“तुमच्याच,” त्या म्हणाल्या.

“असं होय! मग परक्यासारख्या काय बसलात? घ्या, या घड्या घाला.”

गुरुवारी सकाळी बाईंनी एकोणीस नंबरचा फॉर्म डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा उतरला. “चारशे छप्पन्न?” त्यांनी विचारलं. “चारशे छप्पन्न,” बाई म्हणाल्या. आकडेबाईंनी मात्र टाळी वाजवली. “तरी म्हटलं! या बायकांच्या रक्तात धोक्याचं जनुक सापडतंय आणि घरात आजार नाही. आडात नाही तर पोहऱ्यात आलं कुठून? मी महिनाभर माझंच सूत्र तपासत बसले!”

सात आठवडे फोन चालले. “तुमची आई, वडील, सख्खी भावंडं, यांच्यापैकी कुणाला?” बायका खूश. “माहेरचं विचारणाऱ्या तुम्हीच पहिल्या,” म्हणून एकीने पाऊण तास सोडलं नाही. ज्यांना स्वतःलाच आठवत नव्हतं, त्यांच्या भावंडांना विचारलं.

नवं गणित साधं निघालं. आईवडिलांचा आजार मुलाकडे येतो तसाच मुलीकडेही येतो. फरक अगदीच नव्हता असं नाही, पण तो उलट्या बाजूला होता: ते जनुक असलेल्यांत, साठी ते सत्तरीच्या टप्प्यात, बायकांचं पारडं किंचित जड दिसत होतं. का, ते डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. तसं त्यांनी निबंधात लिहिलं, आणि प्रश्न बदलल्याची कबुलीही लिहिली. निबंध आधीपेक्षा लहान झाला आणि खरा झाला.

एकूण जमाखर्च असा. डॉक्टरांची परिषद हुकली. आकडेबाईंची ठरलेली रजा गेली. फोनवरच्या बायकांचं काहीच गेलं नाही. त्यांना आई परत मिळाली, निदान कागदावर. आणि सगळ्यांत भारी भरणा नोंदणीबाईंनी केला: हातात आलेली सूट स्वतःच्या हाताने खोडली, आणि एकोणिसाव्या फॉर्मावर ‘नाही’च्या जागी लिहिलं, आई.