दरवाज्यातलं कीर्तन

पळस्प्याहून गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्याला खडी हवी होती, म्हणून एकोणीसशे चोपन्नच्या माघात कंत्राटदार धर्मराजशेठनं गावामागच्या गडाचा महादरवाजा फोडायचं ठरवलं. कीर्तनकार दाजीबुवांनी आदल्या दिवशी त्याला हात जोडून पाहिले. "पडका दगड आहे बुवा, देव नव्हे," शेठ हसला होता.

सत्तरीचे बुवा सकाळीच धोतर खोचून गड चढले आणि दरवाज्याच्या ऐन उंबऱ्यात चिपळ्या घेऊन उभे राहिले. मागे टाळकरी, समोर सारं गाव.

घण-पहारीवाले घेऊन शेठ पोचला तेव्हा पूर्वरंग रंगात आला होता. शेठही पिढीजात भाविक. त्यानं वहाणा काढल्या, माणसांसकट बसला, आणि मध्यंतरी बुक्का फिरला तेव्हा कपाळ पुढं केलं. तिथंच चुकला. बुक्का लावून घेतला की आरती होईस्तोवर कीर्तन सोडून उठायचं नाही, ही इथली रीत.

उत्तररंगात बुवांनी गडाचंच आख्यान लावलं. "यादवांनी बांधला, सुलतानांनी घेतला, फिरंग्यांनी लुटला. इंग्रजांनी तोफा डागल्या, पायऱ्या उडवल्या, पण दरवाजा हलला नाही! आणि हे धोंडे वर वाहिले कुणी? तुमच्या खापरपणज्यांनी! बखरीत त्यांचं नाव नाही. नाव नसलं तर नसो, हात इथं आहेत. लावा रे कुणी त्यांना घण!"

ऊन डोक्यावर आलं. शेठ चुळबुळला. "बुवा, आरती घ्या आता."

"एवढ्यात? हा तर नुसता गोषवारा झाला. अजून पेशवाई यायचीय, शेठ."

हशा पिकला. शेठ भडकला. "बुधाजी, ऊठ! घाल घण!"

मुकादम बुधाजीनं मांडी हलवली नाही. "बुक्का लागलाय शेट. आमी नाय उठनार. तुमी बी बसा गुमान."

उन्हं कलली तसा बुवांचा गळा बसला. तोंड हलत होतं, पण शब्द फुटेना. आता संपलं, असं वाटून शेठ सावरून बसला. तेवढ्यात बुधाजी उठून उंबऱ्यात गेला, बुवांच्या हातातल्या चिपळ्या घेतल्या आणि जन्मात कधी न गायलेल्या घोगऱ्या आवाजात नामघोष उचलला. मागून साऱ्या घणवाल्यांनी साथ धरली.

शेठनं कपाळावरचा बुक्का पुसला आणि तो उठला. "उद्या बाहेरची माणसं आणतो!"

"आणा," बुवा कसेबसे म्हणाले. "त्यांनाही पहिल्यापासून सांगू."

शेठ तणतणत उतरू लागला. वाटेत त्याला बुवांची बायको गंगाबाई भेटली. डोक्यावर वळकटी, काखेत तांदळाचं गाठोडं, आणि मागे चुलीचे दगड घेऊन चढणाऱ्या गावच्या बायका.