चंद्राबाईचा रामटंका

राजेंद्र साळवींचं महाडला चष्म्याचं दुकान होतं, पण जीव सगळा जुन्या नाण्यांत. शिमग्याला मुंबईहून गावी आलेल्या सुनीलनं त्यांना रामटंका विकला, तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं. रामटंका म्हणजे देव्हाऱ्यात पुजायचं चांदीचं नाणं. बाजारात ते कधी चाललंच नाही. एका अंगाला रामदरबार, दुसऱ्या अंगाला मारुती, आणि दोन्हीकडे जुनेपणाची गर्द काळपट झाक. त्या झाकेवर तर राजेंद्र भलतेच खूश होते.

वैशाखात सुनीलची आई चंद्राबाई पोलादपूरच्या वरच्या वाडीतून थेट दुकानात आली.

"भाऊ, आमचा टंका तुमच्याकडं हाय ना?"

राजेंद्रांनी हातातला चष्मा खाली ठेवला. "मावशी, सुनीलनं राजीखुशीनं दिलाय."

"दिलान तर दिलान. मला इचारलंन नाय, त्याचं मी बघीन. पण उद्या आमच्या पुतणीची, सेजलची हळद हाय. वाडीत नवरीच्या ओंजळीत टंका ठेवल्याबिगर हळद लावत नाय. एक दिस द्या."

नाही म्हणवेना आणि हातून सोडवेना. शेवटी दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून राजेंद्र स्वतःच नाणं घेऊन वाडीत गेले. चंद्राबाईनं ते हातात घेतलं, पडवीत बसली आणि चिंच-राखेनं खसाखसा घासायला लागली.

"अहो मावशी, थांबा! जुनं नाणं घासायचं नसतं! शंभर वर्षांची झाक आहे ती!"

"कसली शंभर वर्सं? दर लग्नाला घासतो आमी. गेली चार-पाच वर्सं पोरींची लग्नं मुंबईला हॉलात व्हतात, म्हून पडला काळा."

इतके दिवस भिंगाखाली धरून राजेंद्र ज्याचं कौतुक करत होते, ते चार-पाच वर्षांचं नुसतं पडून राहणं होतं.

लख्ख झालेला टंका सेजलच्या ओंजळीत ठेवला. बायकांनी हळद लावली, गाणी म्हटली. लहान-लहान पोरी टंका हातात धरायची आपली पाळी कधी येणार म्हणून पुढं घुसत होत्या. राजेंद्र मांडवाच्या खांबाला टेकून बघत राहिले. नाणं असं कुणाच्या हातात त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

जेवणं झाल्यावर चंद्राबाईनं टंका पुसून त्यांच्यापुढं धरला.

"तुमच्याकडेच राहू दे," ते म्हणाले.

"इकलेली वस्तू ठेवून घेऊ व्हय?"

"माझी म्हणूनच ठेवा. लग्न निघालं की बोलवा मला."

चंद्राबाईनं थोडा विचार केला, टंका देव्हाऱ्यात ठेवला आणि विचारलं, "एस्टी पकडून देऊ, का आज ऱ्हाताव?"