फाट्यावरचं सुमेधाचं घर

हे सगळं २०२२ सालच्या एप्रिलात घडलं. जयंती जवळ आली होती आणि आमच्या विहाराला रंग देणं चालू होतं.

माझा धाकटा भाऊ देवानंद याची मुलगी सुमेधा तेव्हा अमेरिकेतल्या एका राज्याची राज्यपाल होती. त्या राज्याचं नाव मी इथे लिहीत नाही. का, ते पुढे कळेल. आमचं गाव जाफराबाद तालुक्यात, टेंभुर्णीच्या फाट्यापासून थोडं आत. मी बदनापूरला शाळेत शिकवत होते. निवृत्त झाले, यजमान गेले, मग आईवडिलांच्या घरी येऊन राहिले.

सुमेधा पहिल्यांदा निवडून आली तेव्हा गावात पेढे वाटले, पण राज्यपाल म्हणजे नेमकं कोण यावर बरेच दिवस घोळ होता. भारत मला म्हणाला, "बाई, राज्यपाल त दिल्लीहून नेमून येत्यात. म्हातारं माणूस, मोठा बंगला, झेंडा फडकवायचा अन् गप बसायचं. हिला कशाला मतं मागत फिरायला लागून राह्यलं?"

मी सांगितलं की तिकडचा राज्यपाल म्हणजे आपल्याकडचा मुख्यमंत्रीच. लोक निवडून देतात. चार वर्षांनी पुन्हा उभं राहावं लागतं.

"म्हंजे खरी खुर्ची हाय की," भारत म्हणाला. तेव्हापासून तो सुमेधाचं नाव फार आदरानं घ्यायला लागला.

हा भारत म्हणजे कारभारींचा मुलगा. गावातल्या सगळ्यात मोठ्या शेतकरी घरातला, फाट्यावर बी-बियाणाचं दुकान असलेला, एकदा पंचायत समितीवर निवडून आलेला. देवानंद आणि तो दुष्काळाच्या साली, बहात्तरला, एकाच बाकावरून मॅट्रिक झाले.

सुमेधाच्या राज्यात एका शाळेत गोळीबार झाला. लहान मुलं गेली. त्यानंतर तिनं बंदुकांवर कायदा आणला, आणि भीती तिथून सुरू झाली. मी ते फोनवर बघायचे. तिच्या कचेरीसमोर माणसं उभी राहायची. साधे कपडे, पायाशी जेवणाचा डबा, खांद्यावर बंदूक. आरडाओरडा नाही, दगडफेक नाही, नुसती उभी. "त्यात बेकायदा काही न्हाई आक्का," देवानंद सांगायचा, "इथं असंच आहे." त्या हिवाळ्यात पोलिसांनी दोघांना पकडलं. त्यांच्या गाडीत सुमेधाच्या घराचा नकाशा सापडला, आणि तिच्या मुलाची, आर्यनची, शाळेची बस कुठे थांबते तेही त्यावर लिहिलेलं होतं.

मग त्यांनी घर बदललं. नवा पत्ता मलासुद्धा सांगितला नाही. देवानंदनं फक्त एक फोटो पाठवला, मला धीर यावा म्हणून. "बघ आक्का, झाडी आहे, शांत आहे. कुणाला दाखवू नको." मी कुणालाच दाखवला नाही.

त्या दिवशी मी औषधं आणायला टेंभुर्णीला निघाले होते. फाट्यावर रिक्षातून उतरले आणि समोर फ्लेक्स दिसला. वर तथागत आणि बाबासाहेब, मधे सुमेधा कोट घालून, कडेला काळा चष्मा लावून हात जोडलेला भारत. आणि खाली, अर्ध्या फ्लेक्सभर, ते घर. 'टेंभुर्णी परिसराच्या लेकीचा अमेरिकेतील बंगला.' दारात आर्यन सायकलवर बसलेला. फाटकाजवळच्या टपालपेटीवर घराचा नंबर. मागे कोपऱ्यावर हिरव्या पाटीवर रस्त्याचं नाव. माझ्या फोनवर जे मोहरीएवढं होतं ते इथे वीतभर झालं होतं. चालत्या बसमधून वाचता आलं असतं.

ऊन रणरणत होतं. तिथेच एका दुकानाच्या पायरीवर बसून मी देवानंदला फोन लावला.

"देवा, तो घराचा फोटो तू अजून कुणाला पाठवला?"

तो म्हणाला, "मॅट्रिकच्या बॅचच्या ग्रुपवर टाकल्ता. एकदाच. सगळे म्हणले, पोरीचं घर दाखव की. माझ्याच्यानं राह्यवलं न्हाई. का गं?"

मी समोर काय दिसतंय ते सांगितलं. चाळीस वर्षं अमेरिकेत राहिलेला माझा भाऊ लहानपणी रडायचा तसा रडायला लागला. "आक्का, मी काय करून बसलो. ती उद्या जाहीर करणार आहे, पुन्हा उभी राहते म्हणून. तू सांग तिला. उभी राहू नको म्हणावं. माझं ऐकत न्हाई, तुझं ऐकंल. लहानपणी तुझंच ऐकायची."

बारा वर्षांची असताना सुमेधा एक उन्हाळा आमच्याकडे राहिली होती. माझ्या वडिलांच्या मागे मागे सगळ्या गावात हिंडायची.

"सांगते," मी म्हणाले. तेव्हा मला खरंच तेच सांगायचं होतं.

भारत दुकानात गल्ल्यावर बसला होता.

"या बाई. पाह्यला का फ्लेक्स? भोकरदनपर्यंत असला फ्लेक्स न्हाई सापडायचा."

"काढ तो."

"काढू? जयंती त होऊ द्या. माझा फोटो मोठा झाला म्हणता का? तो छापणाऱ्यानं केला, मी म्हणलं न्हवतं."

"भारत, घराचा नंबर दिसतोय त्याच्यात."

"दिसू द्या की. आपल्या फाट्यावरून कोण चाललंय अमेरिकेला? इथं जालन्याची गाडी बराबर भेटत न्हाई."

दुकानातली माणसं हसली. मग मी नकाशाचं सांगितलं, आर्यनच्या बसचं सांगितलं. भारतनं चष्मा काढून गल्ल्यावर ठेवला.

"बाई," तो म्हणाला, "फेसबुकला बी टाकलंय."

त्यानं फोन माझ्यापुढे धरला. फोटोखाली जय भीम होते, अभिनंदन होतं, टाळ्यांची चित्रं होती. खाली सरकवत गेले तर एक ओळ इंग्रजीत दिसली. नाव परकं, चेहऱ्याच्या जागी गरुडाचं चित्र. त्यानं एवढंच लिहिलं होतं, 'आभारी आहे.'

ती ओळ मी दोनदा वाचली. शिवी असती तरी इतकी भीती वाटली नसती.

भारतनं फोटो लगेच काढून टाकला. ज्यांनी पुढे पाठवला त्यांना एकेकाला फोन लावायला लागला. "काढ, जल्दी काढ, कारण विचारू नको." मग स्वतः स्टूल घेऊन बाहेर आला आणि विळ्यानं दोऱ्या कापायला लागला. सदुसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे दुखणारा. मी खाली स्टूल धरून उभी होते, आणि मला ती जीप आठवत होती.

एकोणऐंशी सालची गोष्ट. नामांतराची जाळपोळ होऊन वर्ष झालं नव्हतं. ग्रामपंचायतीची निवडणूक आली आणि माझ्या वडिलांनी, रखमाजींनी, अर्ज भरला. राखीव जागेवर नाही, सर्वसाधारण जागेवर. अर्ज भरायला निघाले तेव्हा आईनं, चांगुणाबाईनं, त्यांच्या तळहातावर साखर ठेवली. ती खाऊन ते हसत गेले होते.

अर्ज मागे घ्यायच्या दिवशी कारभारींची जीप आमच्या दारात आली. कारभारी खाली उतरले, उंबऱ्याबाहेर उभे राहिले. आवाज अगदी मऊ. "रखमाजी, तालुक्याला उन्हात पायी कशाला जाता? बसा." वडील तालुक्याला जाणार आहेत असं कुणी म्हटलंच नव्हतं. जीपमध्ये मागे दोघं जण बसले होते आणि त्यांच्या पायाशी रॉकेलचा डबा होता. स्वयंपाकासाठी घरी न्यायचा असेल. त्या डब्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही.

आई आत गेली आणि साखर घेऊन आली. पहिल्यासारखीच तळहातावर ठेवली. निम्मी खाली सांडली. वडिलांनी मूठ मिटली आणि जीपमध्ये बसले. दिवस मावळताना परत आले तेव्हा मूठ तशीच होती. रांजणाजवळ जाऊन त्यांनी हात धुतला. साखर त्यांनी खाल्लीच नव्हती.

फ्लेक्सची घडी घालता घालता भारत वर न बघता म्हणाला, "बाई, त्या दिवशी जीप मीच चालवत होतो."

"माहीत आहे मला."

"आमचे अण्णा म्हणले, तू नुसती गाडी चालव. मागं पाहू नको."

मी फ्लेक्सचं दुसरं टोक उचलून त्याच्या हातात दिलं.

संध्याकाळी सुमेधाला फोन लावला. तिकडे सकाळ झाली होती. फोनवर तिचा चेहरा दिसला, मागे उघडी खोकी, आणि कोपऱ्यात देवानंदचा फक्त खांदा.

"आत्या, मला कळलंय," ती म्हणाली. तिचं मराठी पुस्तकातल्यासारखं, सावकाश. "पोलिसांनी पहाटेच सांगितलं. आम्ही सामान भरतोय. आर्यन आता शाळेत जाणार नाही." कुणी फोटो टाकला ते तिनं विचारलं नाही. मागचा खांदा हलत होता, त्यावरून तिला ते माहीत आहे हे मला समजलं.

"बाबा म्हणतात, तू मला काहीतरी सांगणार आहेस. तासाभरात मला लोकांसमोर जायचंय. सांग."

वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. बाई गं, घरी बस. लेकराकडे बघ. खुर्चीचं काय घेऊन बसलीस. सगळं तयार होतं.

पण तीच पुढे म्हणाली, "आधी मला एक विचारायचंय. मी भाषणात सांगते की माझे आजोबा त्यांच्या गावात निवडणुकीला उभे राहिले होते. बाबा त्याच्या पुढचं कधी सांगत नाहीत. आजोबा हरले का?"

"हरले नाहीत. अर्ज मागे घेतला."

मी तिला सगळं सांगितलं. जीप, मऊ आवाज, डबा, साखर. मागून देवानंद म्हणाला, "आक्का, कशाला?" तिनं हात वर करून त्याला थांबवलं.

"मग काय झालं?"

"काही झालं नाही. घर शाबूत राहिलं. कुणी बोट लावलं नाही. त्याच वर्षी तुझा बाप अमेरिकेला गेला, मग तू झालीस. आजोबा बावीस वर्षं जगले."

"आणि ते कसे होते? त्यानंतर?"

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. "मतदानाच्या दिवशी धुतलेलं धोतर नेसायचे, काळा कोट चढवायचे आणि ओट्यावर बसायचे. कुणी हाक मारली की म्हणायचे, जाऊ की, वेळ हाय अजून. मतदान संपेपर्यंत तसेच बसून राहायचे. मग कोट काढून खुंटीला लावायचे. दर निवडणुकीला."

"तो कोट मी पाहिलाय," सुमेधा म्हणाली. "मी विचारलं होतं, हा कुठे घालता? ते म्हणाले, घरीच."

मागून खोकं ओढल्याचा आवाज आला.

"तू काय म्हणतेस, आत्या? उभी राहू की नको?"

"मला भीती वाटते," मी म्हणाले. "फार वाटते. याच्यापलीकडं मला काही सांगता येत न्हाई."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "घरात साखर आहे?"

आधी मला कळलंच नाही. मग उठून डबा आणला, चिमूटभर साखर घेतली आणि फोनपुढे हात धरला. तिकडे तिनं रिकामा तळहात पुढे केला. मी चिमूट सोडली. ती फोनच्या काचेवरून घरंगळून चटईवर पडली. सुमेधानं तळहात तोंडाला लावला, जीभ टेकवली आणि डोळे मिटून गिळल्यासारखं केलं. मागे देवानंद खाली बसला असावा, कारण त्याचा खांदा दिसेनासा झाला. मग फोन बंद झाला.

चटईला मुंग्या लागल्या. त्या रात्री मी त्या झाडल्या नाहीत.

सुमेधा उभी राहिली. नोव्हेंबरात निवडून आली, पहिल्यापेक्षा कमी मतांनी. त्यानंतर तिनं अजून दोन घरं बदलली. तिकडच्या कायद्यानं तिसऱ्यांदा उभं राहता येत नाही. येत्या जानेवारीत तिची मुदत संपते आणि मी कॅलेंडरकडे बघत बसते. आर्यन वर्षभर घरीच शिकला, आता दुसऱ्या आडनावानं शाळेत जातो. ते आडनाव मला माहीत नाही. 'आभारी आहे' लिहिणारा कोण होता ते सापडलं नाही.

देवानंद सगळ्या ग्रुपांमधून बाहेर पडला. रविवारी फोन करतो, पण चेहऱ्याऐवजी मला त्याच्या घराचं छत दिसतं. फोन सरळ धर म्हटलं की म्हणतो, असू दे आक्का.

भारत मागच्या पावसाळ्यात गेला. हार्ट अ‍ॅटॅक आला, जालन्याला नेईपर्यंत संपलं. तो फ्लेक्स जाळून टाक असं मी त्याला तेव्हाच म्हटलं होतं. "घर त बदललंय बाई तिनं, अन् इतकं मजबूत कापड," म्हणून त्यानं तो कडब्याच्या गंजीवर अंथरला, छापलेली बाजू खाली करून. त्याची सून तृप्ती अजून तसाच वापरते.

त्यांचं शेत आमच्या घरामागेच आहे. वारा सुटला की गंजीवरचं एक टोक उलटतं आणि हिरवी पाटी, टपालपेटी आणि सायकलवरचा आर्यन पुन्हा दिसायला लागतात. त्या घरात आता कोण राहतं ते मला माहीत नाही. तरी मी जाते, टोक सरळ करते आणि त्यावर दगड ठेवून येते.