चाळीस वर्षांचा इलाज

तीन दिवस किंचाळणारे ब्रेक आज गाडी अंगणात पुढे घेताना एकदम गप्प बसले, तेव्हा सुनेला हायसं वाटायच्या ऐवजी धास्तीच वाटली. जॅक लावून तिने पुढचं चाक काढलं. ब्रेकचे पॅड झिजले असतील असा तिचा होरा होता. पण पॅड चांगले जाडजूड होते आणि चकती तेलाने चकाकत होती.

"थांबली ना कुरकुर?" सासरे खुशीत म्हणाले. चाळीस वर्षं त्यांनी शिलाई मशीन दुरुस्त केली होती. कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूवर त्यांचा एकच इलाज. "मेकॅनिक लेकाचे उगाच डोकं खातात. सकाळी मीच तेल सोडलं."

"अहो बाबा, ब्रेकला तेल? पॅडने चकती घट्ट धरली तर गाडी थांबणार ना! तेलावर धरणार काय, माझं कपाळ?"

सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं... त्याचीही गाडी कुरकुरत होती."

सुनेने गर्रकन वळून फाटकाबाहेर पाहिलं. नवऱ्याची गाडी उताराला लागली होती. मागचे लाल दिवे पेटले, ब्रेक जरासुद्धा कुरकुरले नाहीत, आणि गाडी थांबली नाही.