कोनाड्यातले दोन कप

दमयंतीबाईंच्या दारातून कुणी उपाशी गेलाय, असं पनवेलात कुणी म्हणून तर दाखवावं! त्रेसष्ट साली जर्मनीतल्या एका शाळेचा वर्ग महिनाभर मराठी शिकायला आला आणि मुली घरोघरी ठेवायच्या ठरल्या, तेव्हा कमळाकरपंतांनी बायकोला न विचारताच एक पत्करली. हिल्डा तिचं नाव, वय सतरा.

पहिल्याच दिवशी चहा ओतताना बाईंचा हात आपसूक मागच्या पडवीतल्या कोनाड्याकडे गेला. तिथे दोन कप पालथे असायचे. घरच्या कपांत ते कधी मिसळायचे नाहीत. मागल्या आळीतली शरीफा शिवलेली पोलकी घेऊन आली, की तिला त्यातल्या एकात चहा, आणि तो तिनेच विसळून पालथा घालायचा. वर्षानुवर्षं चाललेलं, त्यावर कधी कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. हिल्डाही परधर्माची, म्हणून तिला दुसरा, निळ्या फुलांचा. त्यात विचार कसला करायचा?

पोर मोठी लाघवी. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसून, "काकू, याला काय म्हणतात?" असं दिवसभर चालायचं. तिला ताप आला तेव्हा बाईंनी चार दिवस तिच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवल्या. माया होती हो, खोटी नव्हती! पण पेज दिली ती त्याच निळ्या कपातून.

निरोपाच्या दिवशी शाळेत मुलींनी निबंध वाचले. हिल्डा उठली.

"काकूंनी मला स्वतंत्र कप दिला. त्याला दुसरे कोणी हात लावत नाही. शरीफाबाईंनाही असा कप आहे. एवढा मान त्या घरात आम्हा दोघींनाच आहे. आमच्या देशात पाहुण्यांसाठी अशी सुंदर पद्धत नाही."

टाळ्या पडल्या, पण तुटक तुटक. शरीफा पुढच्याच बाकावर होती. तिच्याकडेही एक मुलगी उतरलेली. शरीफाने वळून एकदा दमयंतीबाईंकडे पाहिलं आणि मग तीही टाळ्या वाजवू लागली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिल्डा निघणार होती. आज तरी घरचा कप द्यायचा आणि खरं काय ते सांगून टाकायचं, असा बाईंनी मनाशी निश्चय केला. फडताळातला चांगला कप काढला, चहा ओतला.

"अय्या, हा नको काकू!" हिल्डा धावत पडवीत गेली आणि निळा कप घेऊन आली. "माझा हा आहे ना!"

किती आनंद त्या तोंडावर! बाईंनी चांगल्या कपातला चहा त्या निळ्या कपात ओतला.

त्यानंतर शरीफा पोलकी आपल्या लेकीच्या हाती धाडू लागली. बाईंनी दोनदा निरोप पाठवला, "चहाला ये गं." ती आली नाही.

दोन वर्षांनी हिल्डाचं पत्र आलं. लग्न झालं होतं, नवं घर मांडलं होतं.

"काकू, तुम्ही कधीतरी याल म्हणून मी तुमच्यासाठी एक कप वेगळा ठेवला आहे. नवऱ्यालासुद्धा त्याला हात लावू देत नाही."

बाई उत्तर लिहायला चार वेळा बसल्या. 'चि. हिल्डास अनेक आशीर्वाद' यापुढे काही केल्या लेखणी सरकली नाही.